128 बाइटच्या गाळ्यातला ‘ज्युनिअर पॅक-मॅन’

‘मोठ्यांसारखा सेटअप नाही, म्हणून थांबलोय’ म्हणताय? मग अटारी 2600 वरचा ‘ज्युनिअर पॅक-मॅन’ एकदा बघाच. या मशीनची मेमरी होती फक्त 128 बाइट. आपला साधा एसएमएसही 160 अक्षरांचा असतो!

1982 चा अटारीवरचा ‘पॅक-मॅन’ सगळ्यांना आठवतो. विकला गेला लाखोंनी, पण 4 केबीच्या कार्ट्रिजमध्ये कोंबलेला आणि भुतं सारखी लुकलुकणारी. गिऱ्हाईक वैतागलं.

‘ज्युनिअर’चं कुणी नावच घेत नाही. माझ्या मते खरं डोकं तिथे लावलंय. आर्केडमध्ये त्याचा चक्रव्यूह आडवा सरकायचा. अटारीवर तो सरळ उभा सरकवला. कार्ट्रिज मात्र 16 केबीचं घेतलं. म्हणजे कंजुषी नाही केली, पैसा हवा तिथेच घातला. तुम्ही मॉलमधल्या कॅफेची नक्कल दहा बाय दहाच्या गाळ्यात करताय ना? मग सोफे छोटे करत बसू नका, काढूनच टाका. उभ्याने प्यायची कॉफी विका, पण मशीन चांगलं घ्या.

एवढा चांगला माल मागे का पडला? अमेरिकेत 1983 ला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, आणि हा दुकानात आला त्यानंतर काही वर्षांनी. तोवर पोरं निन्टेंडोकडे गेली होती.