दाखल्याच्या आधी अध्यापन

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांतून बदलीचा हुकूम घेऊन चेन्नईच्या नैर्ऋत्येकडील ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यात जी मराठी कुटुंबे येतात, त्यांच्या संसारातील घरभाडे, पाणी आणि उन्हाळा यांची जुळवाजुळव चार-सहा महिन्यांत होऊन जाते. लवकर जुळत नाही ते मुलांचे वाचन. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि 2006 च्या कायद्यान्वये तमिळनाडूत टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला तमिळ हा विषय, अशा तीन भाषा व तीन लिप्या सात-आठ वर्षांच्या मुलासमोर एकदमच उभ्या राहतात. बहुतेक मुले हा भार कालांतराने पेलतात. परंतु ज्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, त्याची अडचण या गर्दीत दडून जाते. शाळा म्हणते, घरची भाषा निराळी म्हणून तो मागे आहे. घर म्हणते, शाळेची भाषा नवी म्हणून तो गोंधळतो. आणि एकमेकांकडे बोट दाखविण्यात जी दोन-तीन वर्षे निघून जातात, ती नेमकी त्याच्या शिक्षणाची सर्वांत मोलाची वर्षे असतात.

असा एक मुलगा मी जवळून पाहिला आहे. तिसरीत शिकणारा हा मुलगा वडिलांकडून ऐकलेली इंजिनाच्या भागांची नावे आणि त्यांची कामे बिनचूक सांगे. परंतु ‘पिशवी’ हा शब्द समोर आला की पहिल्या वेलांटीपाशीच थबके, कारण डोळ्यांना आधी दिसणारी ही वेलांटी उच्चारात मात्र ‘प’च्या मागून येते, ही गोष्ट त्याला कोणी सावकाश उलगडून दाखविलीच नव्हती. मग पानावरचे चित्र पाहून तो अंदाजाने ‘थैली’ म्हणे, आणि अर्थ बरोबर असूनही त्याला चूक ठरविले जाई. बुद्धी शाबूत, दृष्टी निर्दोष, श्रवण उत्तम, आणि तरीही अक्षर व ध्वनी यांची गाठ बसत नाही, हे डिस्लेक्सियाचे स्वरूप वैद्यकाला नवीन नाही. इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टराने 1896 साली चौदा वर्षांच्या पर्सी नामक मुलाची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा त्या मुलाच्या शिक्षकाचा अभिप्राय असा होता की, सारे शिक्षण तोंडी दिले गेले असते, तर शाळेत याच्याइतका हुशार विद्यार्थी दुसरा ठरला नसता.

मॉर्गनच्या काळी हा जन्मजात दोष मानला गेला, आणि जे जन्मजात ते अपरिवर्तनीय, अशी समजूत आजही पालकांच्या व शिक्षकांच्या मनात घर करून आहे. आधुनिक मेंदूविज्ञानाने या समजुतीचा पायाच काढून घेतला आहे. दृष्टी आणि वाणी यांची यंत्रणा मनुष्य जन्मतःच घेऊन येतो; वाचनाची यंत्रणा मात्र कोणालाही जन्मतः लाभत नाही, कारण लेखनाचा इतिहास अवघ्या पाच हजार वर्षांचा आहे आणि एवढ्या अल्प काळात निसर्ग मेंदूत नवे केंद्र निर्माण करीत नसतो. डाव्या गोलार्धाच्या मागच्या व खालच्या भागात, जेथे पाहिलेल्या वस्तूंची ओळख पटते, त्याच्या एका लहानशा प्रदेशास अक्षरे ओळखण्याचे काम शिक्षणच लावून देते, आणि त्या प्रदेशाचे वाणीच्या केंद्रांशी दळणवळणही शिक्षणच दृढ करते. हे केवळ बालवयापुरते खरे नाही. लखनौच्या परिसरातील खेड्यांत निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने हिंदी लिहिण्या-वाचण्यास शिकवून पुनः त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली असता दृष्टीच्या केंद्रांचा मेंदूतील खोलवरच्या भागांशी असलेला समन्वय वाढलेला आढळला. हे संशोधन 2017 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातील लिपी देवनागरी होती, म्हणजे आपलीच होती, याचे मला विशेष महत्त्व वाटते.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांमध्ये या केंद्रांचा आणि त्यांच्यातील वाटांचा व्यवहार मंद असतो. ह्यूस्टन येथील संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा आठ मुलांना ध्वनी व अक्षरे यांचा सांधा जुळविण्याचे ऐंशी तासांचे सखोल अध्यापन दिले, तेव्हा डाव्या गोलार्धातील जो भाग आधी जवळजवळ निष्क्रिय दिसत होता तो वाचनाच्या वेळी जागृत होऊ लागला. पिट्सबर्ग येथे 2009 साली याहून सूक्ष्म गोष्ट दिसली: आठ ते दहा वर्षांच्या मुलांना सुमारे शंभर तास उपचारात्मक वाचन शिकविल्यावर मेंदूतील श्वेतद्रव्याची, म्हणजे केंद्रांना परस्परांशी जोडणाऱ्या तंतूंची, घडणच सुधारली होती. अध्यापन हा शब्द आपण उपदेशाच्या अर्थाने वापरीत आलो. तो शरीरात प्रत्यक्ष फेरफार घडविणारा व्यापार आहे, याची ही साक्ष आहे. या प्रयोगांतील मुलांची संख्या अल्प होती, सर्वच मुले सारखी सुधारत नाहीत, आणि वाचनात अचूकपणा आला तरी वेग पुष्कळदा मागे राहतो, हेही नमूद केले पाहिजे. डिस्लेक्सिया समूळ नाहीसा होतो असा दावा कोणी करू नये. परंतु योग्य अध्यापनाविना राहिलेले मूल आणि योग्य अध्यापन लाभलेले मूल यांच्या आयुष्यात पडणारे अंतर एवढ्या मर्यादा ध्यानात घेऊनही फार मोठे आहे.

योग्य अध्यापन म्हणजे तीच बाराखडी दसपट घोकून घेणे नव्हे. शब्दातील ध्वनी आधी कानाने सुटे करावयाचे, ‘कपाट’ म्हणजे क, पा, ट असे टाळीगणिक मोजावयाचे, ‘पा’मधला ‘आ’ निराळा काढून दाखवावयाचा, मग रेतीत किंवा पाटीवर बोटाने अक्षर गिरवीत त्याचा उच्चार मोठ्याने करावयाचा, आणि एक वेलांटी पक्की झाल्याविना रफाराकडे किंवा जोडाक्षराकडे वळावयाचे नाही, असा हा क्रमबद्ध, कंटाळा न मानणारा मार्ग आहे. चेन्नईच्या टी. नगर भागातील मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था आपल्या पूर्णवेळ केंद्रात मुलांना काही काळ असे शिकवून पुनः नेहमीच्या शाळेत पाठविते, आणि शाळाशाळांतील शिक्षकांनाही हे अध्यापन शिकविते. ओरगडमच्या मराठी पालकांनी तिचा रस्ता अवश्य धरावा.

महाराष्ट्राने या बाबतीत पहिले पाऊल लवकर उचलले होते, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. 1996 साली शालान्त परीक्षेत या मुलांना सवलती देण्याची तजवीज झाली; मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी व दाखल्याची सोय झाली; त्याच दशकात महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट, या सवलती न्याय्य आहेत आणि त्या कायम राहाव्यात. माझी तक्रार एवढीच आहे की, आपल्या कारभारात दाखला हेच साध्य होऊन बसले. दहावीच्या तोंडावर पालक रुग्णालयाचे उंबरठे झिजवितात, शिफारशी व शिक्के मिळवितात, अर्ज मंजूर होतो. पण तोवर मूल पंधरा वर्षांचे झालेले असते, आणि ‘आपण मठ्ठ आहोत’ हा त्याचा स्वतःविषयीचा ग्रह कोणत्याही सवलतीने पुसला जात नाही. पहिली-दुसरीत तपासणीचे साधन नाही, ही सबबही आता उरलेली नाही; मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी 2015 पासून हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही उपलब्ध आहे.

कायदाही अपुरा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या सोळाव्या कलमाने विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर हुडकून काढण्याची आणि तिच्यावर मात करण्यासाठी अध्यापनाचे समुचित उपाय योजण्याची तरतूद एकाच वाक्यात केली आहे. आपल्या शिक्षण खात्यांनी त्या वाक्याच्या पूर्वार्धाची अंमलबजावणी अंशतः केली आणि उत्तरार्ध दप्तरी ठेवून दिला, असे माझे स्पष्ट मत आहे. पिट्सबर्गच्या शंभर तासांचा हिशेब आपल्या शाळेच्या वेळापत्रकात मांडला, तर आठवड्याचे पाच दिवस रोज एक तास आणि असे वीस आठवडे, म्हणजे एका शैक्षणिक वर्षाचा सुमारे अर्धा काळ एवढाच तो भरतो. एका प्रशिक्षित शिक्षकाने तीन-चार मुलांना घेऊन दुसरीच्या वर्षी हे तास पुरे केले, तर दहावीच्या दाखल्याची गरज कित्येकांना तितक्या तीव्रतेने भासणार नाही.

प्रश्न राहतो तो या शिक्षकांच्या नेमणुकांचा. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली ठरवून दिले, आणि ही पदे मंजूर करून भरण्याविषयी 2025 साली राज्यांना पुनः बजावावे लागले. महाराष्ट्र शासनाने या मंजूर व रिक्त पदांची जिल्हावार यादी प्रसिद्ध करावी, अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात मराठी ध्वनी व अक्षरे यांच्या उपचारात्मक अध्यापनास स्वतंत्र स्थान द्यावे, आणि मुलाला अक्षमतेचा दाखला देताना त्याच कागदावर त्याला कोणते अध्यापन, किती तास व कोणाकडून मिळाले, याची नोंद सक्तीची करावी. तो रकाना कोरा असेल, तर त्याचा जाब शाळेला आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला विचारला जावा.