केंदाळाची कैफियत

पंचगंगेच्या काठी ऐन उन्हाळ्यात उभे राहावे, तर कित्येक ठिकाणी पाण्याऐवजी हिरवा गालिचाच नजरेस पडतो. शहरात त्याला जलपर्णी म्हणतात, गावाकडे केंदाळ. ते काढण्यासाठी निविदा निघतात, यंत्रे येतात, काठावर कुजके ढीग पडतात. परंतु या वनस्पतीला इतके मुबलक अन्न कोण पुरवितो, याची चौकशी करण्याची निकड सरकारदप्तरी कोणास भासलेली दिसत नाही. नागरी सांडपाणी आणि कारखान्यांची मळी हे थोरले आरोपी खरेच, आणि त्यांना माफी मिळावी असे माझे म्हणणे नाही. पण त्यांच्या आडून आपल्या उसाच्या फडातून वाहणारे खत निसटून जाते.

सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, आणि त्यातील चाळीस टक्के, म्हणजे युरियाची जवळजवळ पाच पोती, मोठ्या बांधणीच्या वेळी द्यावयाची असतात. जानेवारीत लावलेल्या उसाची मोठी बांधणी येते मे-जूनच्या संधीवर, नेमकी मृगाच्या तोंडाशी! वळीव बरसला की सरीत विरघळलेले नत्र पाण्याबरोबर ओघळीत, ओघळीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. स्फुरदाचे तसे नाही, ते मातीच्या कणांना चिकटून, गढूळ पाण्यावर स्वार होऊन निघते. बांध फुटलेल्या शेतातून पहिल्या पावसानंतर जे तांबूस पाणी धावते, त्यात शेतकऱ्याचे पैसेच वाहत असतात.

यात दोष रयतेचा म्हणावा, तर भाव पाहा: पंचेचाळीस किलो युरियाचे पोते सुमारे 266 रुपयांना, आणि पन्नास किलो डीएपीचे 1350 ला. 2010 साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण आले, त्यातून युरिया तेवढा वगळला गेला. जे स्वस्त ते मूठभर अधिक पडणारच. त्यातून पाटाचे पाणी मोकाट सोडण्याची आपली जुनी खोड. क्षारपड झालेली शिरोळची काळी रानेही याच पाण्याच्या सोसाची साक्ष देतात.

उपाय अवघड नाहीत. पाऊस तोंडावर असता डोस थांबवावा, शक्य तेथे ठिबकातून नत्र थोडे थोडे द्यावे, माती परीक्षणाचा कागद कपाटात न ठेवता वाचावा, आणि ओढ्याच्या कडेने चार-पाच वावांचा पट्टा नांगराविना, गवताखाली राखावा. गाळ आणि त्यासोबतचे स्फुरद तेथेच बऱ्याच अंशी अडते. यावर शेतकरी विचारील, आणि विचारावेच, की त्या पट्ट्यातल्या उसाची भरपाई कोण देणार? केंदाळ काढण्याच्या निविदेतला काही वाटा त्याच्या खात्यावर जमा करावा, अशी माझी सूचना आहे.