जंबियाचे कुळ
जालना जिल्ह्यात जुन्या पेटीतून बाकदार जंबिया निघाला, की तो १८०३ च्या असईच्या लढाईतला, असे छातीठोक सांगणारे पुष्कळ! पुरावा कोणता? आजोबांचा शब्द! अहो, मधोमध उंच कणा असलेले ते वाकडे दुधारी पाते अरबी घाटाचे. निजामाच्या चाकरीत हद्रमौतचे अरब पिढ्यान्‌पिढ्या होते. पण नुसत्या घाटावरून गाव ठरत नाही. मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारीचे पाते बहुधा युरोपचे, मूठ इथली. सहारातले तुआरेगही आपल्या तलवारींना युरोपीय पाती बसवीत. तेव्हा पाते, मूठ, म्यान निरनिराळी तपासा. आणि खंडेनवमीला विटकरीने घासून कारागिराची खूण पुसू नका! आजोबांचा शब्द खोटा ठरला तर ठरो. उरलेला एकुलता साक्षीदार आपल्याच हाताने मुका करू नये.