माळेगावच्या दावणीवरचा खर्च वाया जात नाही

संपादक महोदय,


मार्गशीर्ष जवळ आला की आमच्या भागात एक प्रश्न हमखास निघतो. शेती ट्रॅक्टरवर गेली, बैल कुणाच्या दारात राहिला नाही, मग माळेगावच्या यात्रेत जनावरांच्या प्रदर्शनावर सरकारी पैसा कशाला घालायचा? परवा एका लग्नात नोकरदार पाहुण्यांच्या तोंडून हेच ऐकलं. मांडवात वाद नको म्हणून गप्प बसलो. पण गोष्ट मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

नांदेड-लातूर रस्त्यावरची ही खंडोबाची यात्रा तुमच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. रिसनगावच्या नागोजी नाईकांच्या मानाची पालखी, भंडारा, घोडे, गाढवं, उंट, कुस्त्या, लावणी हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नांदेड जिल्हा परिषद या सगळ्याचा बंदोबस्त करते. मला बोलायचं आहे ते फक्त लालकंधारी आणि देवणीच्या दावणीबद्दल.

या दोन्ही जातींचं माहेर आपलं. एकीचं नाव कंधारवरून, दुसरीचं लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून. देशाच्या नोंदणीकृत गोवंशांच्या यादीत दोन्ही आहेत. पण यादीत नाव असल्यानं जात टिकत नाही. ती टिकते चांगला वळू कुणाच्या गोठ्यात राहतो यावर. आणि चांगला वळू कोणता, हे आमच्यासारख्या दोन-चार जनावरांच्या माणसाला कोण सांगतं? माळेगावचं मैदान सांगतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या आतेभावानं आपला आदत गोऱ्हा तिथं नेला होता. रंग गडद लाल, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, गळ्याला पोळी भरदार. बक्षीस आपलंच, अशी त्याची खात्री. परीक्षक डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले, वशिंडावर हात फिरवला आणि मग मागं जाऊन बराच वेळ नुसते खुरांकडं बघत राहिले. गोऱ्हा चार पावलं चालवायला लावला. म्हणाले, "दिसायला उजवा आहे, पण मागचे पाय आत वळतात. औताला धरा, वळू म्हणून ठेवू नका." आतेभाऊ दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. पण त्यानं ऐकलं, आणि वळू म्हणून दुसरा गोऱ्हा पाहून आणला. आज आमच्या आसपासच्या तीन गावांच्या गाई त्याच्याकडं येतात. बक्षीस न मिळालेल्या माणसाचा हा फायदा आहे. तो कुठल्या हिशेबात मांडणार?

कुणी म्हणेल, आता शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पुन्हा सुरू झालेत, बैलाला तिथं मान आहेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या होत्या. मे २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला. मी शर्यतीच्या विरोधात नाही. पण पळणाऱ्या जोडीचं बक्षीस एका मालकाच्या घरी जातं. शर्यतीला गाय लागत नाही, कालवड लागत नाही. प्रदर्शनाच्या मैदानात मात्र दोघींनाही दावणीला उभं राहता येतं, आणि जातीचं पुढचं पान त्यांच्याच पोटी आहे.

लालकंधारी दूध कमी देते, हे मी मान्य करतो. दोन-तीन लिटरवर घर चालत नाही, संकरित गाय त्यापेक्षा कितीतरी जास्त देते. पण २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. आमच्या शेजारची होलस्टीन सावलीत बांधूनही धापा टाकत होती. आमच्या दोन गाई कोरड्या कडब्यावर राहिल्या. दूध आटलं, पण एकही खाली बसली नाही. असला दुष्काळ पुन्हा येणार नाही, असं मराठवाड्यात कोण छातीठोकपणे सांगेल? २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५४ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये तो १ कोटी ३९ लाखांवर आला. गोठे रिकामे होत असताना चांगलं बी जपायचं की जनावरं संपली म्हणून प्रदर्शनही संपवायचं?

आणखी एक. २०२२ मध्ये लम्पी रोगामुळं राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा बाजाराची किंमत कळली. दारात येणारा व्यापारी सांगेल तो भाव. शेजारी दुसरं गिऱ्हाईक नाही, तोलायला दुसरं जनावर नाही. यात्रेत रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो तेव्हा निदान चार जण बोली लावतात आणि मालकाला "नाही" म्हणता येतं.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९३२ पासून जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, सोबत बैलाघोड्यांचे खेळही होतात. शाळकरी मुलं स्वतः वाढवलेली जनावरं तिथं आणतात, त्यांचा लिलाव होतो आणि प्रदर्शनाच्या पैशातून मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडं नाही, पण रीत उचलता येईल. माळेगावात दुकानं, पाळणे, हॉटेलं यांच्या जागांचं भाडं येतं. त्यातला ठरावीक वाटा बाजूला काढून पशुपालकांच्या मुलांना द्यावा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं शिकणाऱ्या अशा मुलांपासून सुरुवात करता येईल. गेल्या खेपेला आठवीतली एक मुलगी कालवडीचा कासरा धरून तासभर उन्हात उभी होती. परीक्षक जवळ आले की कालवडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची, आणि कालवड हलायची नाही. अशी मुलं आपल्याकडं आहेत.

दुसरी सूचना बक्षिसाची. पहिल्या आलेल्या गाईचं किंवा वळूचं अर्धं बक्षीस मैदानात द्यावं आणि अर्धं पुढच्या वर्षी, तेच जनावर त्याच मालकाच्या दावणीला दिसल्यावर. गाईसोबत वासरू असेल तर थोडं वाढवून. आज बक्षिसाचा फेटा सुटायच्या आत बाहेरगावचा व्यापारी विसार देऊन जनावर घेऊन जातो. अडचणीतला मालक नाही म्हणू शकत नाही, त्याला दोष देता येत नाही. पण ते रक्त आपल्या तालुक्यातून जातं ते जातंच.

यात्रेच्या नियोजनाच्या बैठका लवकरच सुरू होतील. मंडप, दिवे आणि मंचावरच्या कार्यक्रमांबरोबर हे दोन विषयही तिथं चर्चेला घ्यावेत आणि बैठकीला लोहा, कंधार, देवणी, उदगीरकडचे चार पशुपालक बोलवावेत, एवढी आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपला नम्र,
एक पशुपालक वाचक,
ता. लोहा, जि. नांदेड