चिंचोके ऑनलाइन कशाला मागवता?

देहू-तळवडे पट्ट्यात प्लेस्कूलचं पीक आलंय. भिंतीवर वारली चित्रं, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत आणि फीच्या कागदावर 'इको-फ्रेंडली ॲक्टिव्हिटी किट'. किट उघडलं की निघतात बिया, शिंपले, लाकडी मणी. कुरिअरने आलेले, प्लास्टिकच्या पाकिटात!

ज्या वारल्यांची चित्रं भिंतीवर आहेत, त्यांच्या मुलांसोबत हेच काम पैसे न घेता झालं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग मोजायला बिया आणि खडे आले, लावायला-जुळवायला पानं आणि शंख-शिंपले. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा थेट कुरणात भरली: कुरणशाळा. गैरहजर मुलाला दोष देण्याऐवजी तो कुठे असतो हे बघणं, एवढं साधं लॉजिक.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली. सरकारने अंगणवाडी हे नाव देशभर नेलं, अंगण मात्र वाटेत राहिलं.

लगेच कुणीतरी म्हणेल, चाकणला शिफ्ट करणाऱ्या बापाला पोराला इंग्रजी शिकवायचंय, चिंचोके नाही. बरोबर आहे त्याचं. कंपनीत कुठल्या खुर्चीवर कोण बसतं, हे तो रोज बघतो. मीही इंग्रजीवरच पोट भरतो. पण तीन वर्षांच्या मुलाला घरच्या भाषेतून, हाताला लागणाऱ्या वस्तूंमधून शिकवल्याने त्याचं पुढचं इंग्रजी कसं अडतं, हे मला कुणी सांगेल का? २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचाच आग्रह धरतं.

आणि 'स्थानिक' म्हणजे फक्त देहूकरांचं, असंही नाही. इथल्या वर्गात लातूरचं पोर असतं, बिहारचंही. त्यांच्या आज्यांनाही बी कसं राखायचं, कुठला पाला खायचा हे माहीत असतं. कोसबाडची नक्कल करायची तर ती बियांची नको. समोर कोण बसलंय हे विचारण्याची करा.

हे विचारायचं कुणी? अंगणवाडी सेविकेने. तिच्या हातात २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे. मुलाचं वजन, उंची, हजेरी भरा. हे भरलंच पाहिजे, कुपोषण खोटं नाही. पण सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, ज्याचा आकडा वर जातो तेवढंच काम वरच्यांना दिसतं. सेविकेने मुलांना इंद्रायणीच्या काठावर नेलं आणि पाण्यावर फेस का येतो यावर गप्पा मारल्या, तर तो तास कुठल्या रकान्यात जाणार? वर तिला पगार नाही, 'मानधन' मिळतं. त्यासाठी २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा आपण सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडत होतो.

त्याच पार्किंगच्या दोन गाड्यांएवढी मातीची जागा, वर एक झाड, प्रत्येक नव्या स्कीमच्या आराखड्यात अंगणवाडीसाठी सक्तीची करा. बिल्डरला परवडतं. क्लबहाऊस परवडतंच की.