कोळी म्हणा, मुसळी म्हणा

नावे ठेवण्यात आपण मराठी माणसे पटाईत. पण एकाच झाडाला तीन नावे मिळाली आणि त्यांतल्या एका नावाने त्याच्या मुळावरच घाव घातला, ही हकिकत काही थट्टेची नाही.

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या बाजूला, मोखाड्याच्या उतारांवर, मृगाच्या सरी पडल्या की साग-ऐनाच्या रानात गवतासारख्या लांबट पानांचे झुबके वर येतात. वारली मंडळींची ही कोळीची भाजी. शहरातल्या बाजारात तिलाच फोडशी म्हणतात. देवाला दाखविल्यावाचून ती तोंडात घालायची नाही असा तिथला रिवाज. तिचा सणच करतात. ह्या रिवाजाने देवाला नैवेद्य मिळतो आणि कोवळ्या पानाला वाढायला चार दिवस मिळतात, असे मला वाटते.

पुढे झुबक्यातून दांडा निघतो, त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले येतात. मधमाश्या येऊन जातात, काळे बी धरते, आणि पावसाळा सरला की पाने पिवळी पडून दिसेनाशी होतात. झाड मेलेले नसते. जमिनीखाली जाडजूड मुळांच्या जुडग्यात शिदोरी बांधून ते पुढल्या मृगाची वाट पाहत असते.

ही मुळे म्हणजेच सफेद मुसळी. मुसळाचे हे लहानगे रूप. आयुर्वेदात शक्तिवर्धक म्हणून नावाजलेले.

तिसरे नाव शास्त्रज्ञांचे. 1955 साली मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस ह्यांनी तिचे बारसे केले : क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. लोकलने रोज बोरिवली गाठणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या स्टेशनाच्या नावाचे एक रानफूल आहे? तिचे दक्षिण आफ्रिकेतले भावंड तर आपल्या गॅलरीतल्या कुंडीत लोंबत असते. त्याला इंग्रजीत ‘कोळ्याचे झाड’ म्हणतात, हा निव्वळ योगायोग!

आता गंमत पाहा. कोळी म्हणणारा पान खुडतो. बेताने खुडले तर झाड पुन्हा फुटते. मुसळी म्हणणारा कुदळ घेऊन येतो. ह्या झाडाचे बी फार कमी रुजते, आणि सुटे मूळ पुरले तरी त्याला कोंब येत नाही. मुळे जिथे एकत्र जुळतात त्या गड्ड्यावरच डोळे असतात. दोनचार मुळांसह तो गड्डा परत मातीत ठेवला, बी गळेपर्यंत कळ काढली, तर रान राहते. घाईने सगळेच उपटले तर पुढल्या वर्षी तिथे नुसते गवत.

खणणाऱ्या गरिबाला दोष देऊन आपण सुटत नाही. मागणी रानातून येत नाही, ती आपल्या घरांतून जाते. मुसळीची आता शेतातही लागवड होते. तेव्हा मार्ग नाही असेही नाही.

म्हणून, वाचकहो, पावसाळ्यात फोडशीची जुडी दिसली तर अवश्य घ्या. कांदा आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परता, मुलांना वाढा. मुसळीची डबी घेताना मात्र दुकानदाराला एवढे विचारा : शेतातली की रानातली?