‘जुन्या गाड्या लोखंडी होत्या’ या समजुतीचे वजन

१/ अकोल्याहून वाशीम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर अपघात होतो. पुढचा भाग चुरडलेल्या नव्या मोटारीचे छायाचित्र फिरू लागते आणि त्याखाली एक शेरा हमखास उमटतो : जुनी फियाट असती, तर ओरखडाही उठला नसता. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. ती चुकीची आहे, आणि तिच्यावर विसंबणाऱ्याच्या जिवाशी तिचा संबंध आहे.

२/ येथे फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. पद्मिनी हे नाव तिला पुढे १९७४ च्या सुमारास मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगलाच जोडलेली गिअरची दांडी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या, वकिलांच्या दारात ती दिमाखाने उभी असे. तिच्याविषयीचे ममत्व खोटे नाही.

३/ पण वजन पाहा. पद्मिनी सुमारे ९०० किलोंची; रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन सुमारे १,२०० किलोंची. ‘लोखंड’ कोणात अधिक, हे तराजूच सांगतो. (गंमत अशी, की रांजणगावचा हा कारखाना फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला. भांडण घरातलेच म्हणायचे.)

४/ अर्थात खरा प्रश्न वजनाचा नाहीच. धडकेची ऊर्जा कोठे तरी जिरावी लागते. बॉनेट चुरडले नाही, तर ती आत बसलेल्या माणसाच्या बरगड्यांत जिरते. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांनी १९५० च्या दशकारंभी हे सूत्र मांडले : गाडीची टोके चुरडू द्यावीत, माणसे बसतात तो भाग मात्र अभेद्य ठेवावा. १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ते प्रत्यक्षात आले. पद्मिनीची मूळ घडण १९५३ च्या फियाटची, म्हणजे हा विचार प्रत्यक्षात येण्याच्या आधीची.

५/ याचा पडताळा २००९ मध्ये अमेरिकेत घेतला गेला. तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या. अवाढव्य, पोलादी बेल एअरचा चालककक्ष कोसळला आणि स्टिअरिंग पुतळ्यावर चालून आले. त्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूचे नाक पार चुरडले, पण तिच्या चालकाला फार तर पायाला इजा झाली असती. ही चित्रफीत पाहिल्यावरही ‘जुने ते मजबूत’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

६/ मग पद्मिनी तीन दशकांहून अधिक काळ जवळजवळ तशीच का राहिली? कारागीर अकुशल होते म्हणून नव्हे. परवाना राज्यात स्पर्धा नव्हती, परकीय चलन दुर्मीळ होते आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारे ग्राहक रांगेत उभेच होते. बदलण्याची निकड कोणाला? १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पद्मिनीचे उत्पादनही अखेरच्या टप्प्यात होते.

७/ डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन ठरली. मात्र ही चाचणी पट्टा बांधलेल्या पुतळ्यांवर होते, ही गोष्ट तारे मोजणारे सहसा विसरतात.

८/ जुन्या गाडीची बाजू घ्यायचीच असेल, तर ती दुरुस्तीच्या मुद्द्यावर घ्यावी. कार्बोरेटरचा जेट फुंकून, पॉइंट घासून, प्लग पुसून रस्त्याकडेचा मिस्त्री पद्मिनीला पुन्हा चालती करी. आज डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, की सेनगाव किंवा कळमनुरीचा तितकाच हुशार मिस्त्री स्कॅनरअभावी हात टेकतो आणि गाडी मोठ्या शहरातल्या अधिकृत सेवाकेंद्राची वाट धरते. ही तक्रार खरी आहे, आणि तिचे उत्तर गाडी बनवणाऱ्यांनी अजून दिलेले नाही.